पुंजाजीमामांचा खांदा

पुंजाजीमामा नव्या माणसाला त्याचं नाव विचारत नसत. आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघत, एक पाऊल मागं सरून पुन्हा बघत आणि मग मान हलवून निकाल सांगत. "चौघात भागन." किंवा, "याले सहा लागतीन." नवखा माणूस खूश व्हायचा. गावात आपल्यासाठी काहीतरी मानाचं चाललंय असं त्याला वाटायचं. मग कुणीतरी त्याला बाजूला नेऊन सांगायचं, की तुमची तिरडी किती जणांना उचलावी लागेल, त्याचा मामा अंदाज करत होते.

नवा ग्रामसेवक रुजू झाला त्या दिवशी मामांनी त्याला भर चावडीसमोर सांगितलं, "सायेब, तुमी फुलावानी जासान. कोनाले तरास देनारं शरीर नाही तुमचं." ग्रामसेवकाचं लग्न नुकतंच झालेलं होतं. संध्याकाळी तो कंपाउंडरकडे जाऊन छाती तपासून आला.

अमडापूरच्या रस्त्याला लागून आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमचा बौद्धवाडा. मामा आमचे शेजारी. वाड्यात मयत झाली की तिरडीचा पुढचा उजवा दांडा मामांचा. वरच्या आळ्यांतल्या मयतीत आमच्या खांद्याला जागा नव्हती. तिथं मेलेल्या माणसालाही आमचा विटाळ होत असे, आणि असा विटाळ मानणारे स्वतःला शहाणे म्हणवून घेत. मामा अंदाज मात्र सगळ्या गावाचा करत. त्यात त्यांनी कधी जात पाळली नाही. पाटलाला बघून तर ते खरोखर कळवळत. "आठही पुरनार नाहीत," म्हणत, "आन् त्यायच्यात उचलनारं हाये कोन?"

मामांचा एक शब्द होता, 'हिसका'. तिरडी उचलताना हिसका नको, वळणावर हिसका नको, खाली ठेवताना तर नकोच नको. "जित्तेपनी मानसाले हिसकेच बसतात," ते म्हणत, "मेल्यावर तरी आंगाले धक्का लागू नये." त्यासाठी बांबू ते स्वतः निवडत, काथ्याची गाठ स्वतः मारत आणि खांदेकऱ्यांची उंची पाहून जोड्या लावत. चालताना कुणाचं पाऊल चुकलं की गर्दीतून, रडण्याच्या आवाजावर आवाज काढून, म्हणत, "मांगचा डावा, पाय मिळव." विधवा झालेल्या बाईलाही त्या क्षणी रडू आवरून मागच्या डाव्याकडे बघावंसं वाटायचं.

त्या सुमारास नवं राज्य झालं होतं आणि बाजारात शेर-मण जाऊन किलो आले होते. मामांनी किलो मानले नाहीत. किलोत साखर मोजावी, माणसाला किलो लावले तर तो उगाच जड वाटतो, असं त्यांचं मत होतं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो आणि पत्रकं लिहीत होतो. माझं लहानपणच पत्रकांत गेलं. वडील सभेहून येताना खाऊ आणत नसत, पत्रकं आणत. मी अक्षरं त्यांवरच शिकलो, आणि 'अ' अननसाचा नसून अन्यायाचा असतो असं बरीच वर्षं समजत होतो. माझं पहिलं छापील पत्रक होतं, 'मयतीत मडके धरणे बंद करा'. जुन्या रूढीवर मी त्यात आग ओकली होती. वाड्यातले म्हातारे बिथरले. मामा तेवढे माझ्या बाजूनं उभे राहिले. ते म्हणाले, पोरगं बरोबर बोलते, मडकंवाला रडत रडत मधीच थांबते आन् मांगं आमचे खांदे मोडते. माझ्या क्रांतीला मिळालेला तो पहिला पाठिंबा. तो असल्या कारणानं मिळाला याचं मला थोडं वाईट वाटलं, पण पाठिंबा तो पाठिंबा.

अशा या मामांना एका वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत शेतातच पोटात कळ आली आणि ते बांधावर मुटकुळं होऊन पडले. पोटदुखी जुनी होती. ते तिच्यावर खाण्याचा सोडा घेत आणि वरून मिरचीचा ठेचा खात, म्हणजे एका हातानं विझवत आणि दुसऱ्या हातानं पेटवत. या वेळी पोटाला आतून छिद्रच पडलं होतं. हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की मामा पांढरेफटक पडलेत आणि पोट लाकडासारखं झालंय.

सडकेवर कापसाचा ट्रक उभा होता, तो बुलडाण्याकडे जाणार होता. आम्ही चौघांनी मामांना बाजेवर घातलं आणि बाज खांद्यावर घेऊन सडकेकडे निघालो. माझा पाय अडखळला. बाजेवरून, दात आवळून, आवाज आला, "मांगचा डावा, पाय मिळव." मागचा डावा मी होतो.

ट्रकपाशी भिकाजीबाबा येऊन थांबले होते. भिकाजीबाबा मामांहून दहाएक वर्षांनी मोठे, दम्यानं पोखरलेले. त्यांना घरापासून सडकेपर्यंत यायला काठी आणि सून दोन्ही लागत. कंपाउंडरनं त्यांच्या सुनेला, कौसल्यावहिनीला, आधीच सांगून ठेवलं होतं की यांचं काही खरं नाही, आज आहेत तर आहेत. भिकाजीबाबांनी मामांच्या कपाळावर हात ठेवला आणि श्वास गोळा करून म्हणाले, "पुंज्या, आपलं ठरलेलं ध्यानात हाय ना? माह्या तिरडीचा पुढचा उजवा तुह्या नावाचा. तू येऊन खांदा देतपर्यंत मी जात नाही. आन् माह्या आंधी तूच मरून घोळ नको करू."

मामांनी मान हलवली. मग त्यांना कापसाच्या ढिगावर चढवलं. पुढं कित्येक महिने ते त्या प्रवासाची तारीफ करत. म्हणत, कापसावून गेलो, एक हिसका बसला नाही. मरनाऱ्याले कापूसच पायजे.

हे दोघांचं ठरलेलं काय होतं, ते सांगितलं पाहिजे.

गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढायचं काम आमच्या वाड्याचं. सांगावा यायचा, आणि भर जेवणावरून उठून जावं लागायचं. भिकाजीबाबा आणि पुंजाजीमामा ही त्यातली जोडी. मेलेल्या बैलाचे पाय बांधून मधून बल्ली घालायची, पुढं मामा, मागं भिकाजीबाबा. उन्हाळा असो, पाऊस असो, गावाबाहेर न्यायचा. मामांचा वजनाचा डोळा तयार झाला तो त्या बल्लीखाली. दीक्षा घेऊन आल्यावर या गावात पहिल्यांदा नाही म्हणाले ते हेच दोघे. पाटलाच्या दारात बैल मरून पडला होता आणि ते दोघं आपापल्या ओसरीवर बसून राहिले. बैल कुजला, गाव नाक दाबून फिरलं, दुकानदारानं वाड्याचं मीठमिरची बंद केलं, विहिरीची वाट अडवली गेली. दोघं बसून राहिले. शेवटी पाटलाच्याच गड्यांना बैल ओढावा लागला. त्या दिवसावर मी एक पत्रक लिहिलं आहे. ते कुणी छापायला तयार नाही.

तेव्हा भिकाजीबाबा मामांना म्हणाले होते, की आपण जन्मभर मिळून मेलेल्या ढोरांचं वजन उचललं, आता माझं तेवढं माणसाचं वजन तू उचल. म्हणून तो पुढचा उजवा.

मामा वाचले. बुलडाण्याच्या दवाखान्यात त्यांचं पोट छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत उघडून पुन्हा शिवलं. घरी सोडायच्या दिवशी मी आणि गिरजामामी त्यांना आणायला गेलो. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, समजावून सांगणारे. म्हणाले, "आता सगळं हळूहळू. आधी नुसतं बसायचं, मग घरातल्या घरात चालायचं, मग थोडं थोडं लांब. थकवा आला की थांबायचं. जेवण थोडं थोडं, मऊ. तिखट बंद. वजन अजिबात उचलायचं नाही. मी सांगेन तेव्हा आधी तांब्या, मग अर्धी कळशी, असं वाढवायचं. घाई केलीत तर शिवलेलं आतून सुटेल."

मामांनी एवढंच विचारलं, "खांदा कधी देता येईन?"

डॉक्टरांनी मयत कुणाची झाली ते हळू आवाजात विचारलं.

"तो जित्ता हाये," मामा म्हणाले, "पन वाट पाहून राह्यला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बाहेर नेऊन सगळं समजावून सांगितलं. ते परत आले आणि म्हणाले, पावसाळ्याच्या तोंडाशी या, तेव्हा बघू. त्याआधी त्यांना मरू देऊ नका.

घरी आल्यावर मामांचं नवं आयुष्य सुरू झालं आणि गिरजामामीचा संताप सुरू झाला. मामी सकाळी ज्वारीच्या कण्या करत, दुपारी वरणाचं पाणी आणि गरगट भात. मामा ताटाशेजारी एक हिरवी मिरची ठेवून घेत. खात नसत. कण्यांचा घास तोंडात घालायचा आणि मिरचीकडे बघायचं, एवढंच. मामी म्हणायच्या, "लग्नात माह्याकडे नाही पाह्यलं यायनं एवढं." काही दिवसांनी मिरची सुकली की मामा नवी मागत. सुकलेलीकडे बघून चव लागत नाही म्हणत.

चालण्याचं तर मोठंच प्रकरण झालं. आमच्याकडे माणूस कामाशिवाय चालत नाही. शेतावर चालतो, बाजाराला चालतो, सकाळी टमरेल घेऊन चालतो. आणि चालणाऱ्याला जो दिसेल तो विचारतो, "कुठी चालले?" ते विचारलं नाही तर राग आला असं समजतात. मामा घरातून वाड्यातल्या कडुलिंबापर्यंत आणि लिंबापासून घरापर्यंत सावकाश चालायला लागले, रिकाम्या हातानं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, कुठी चालले? दीक्षा घेतल्यापासून मामा रोज पंचशील म्हणत आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, फार कडक पाळत. त्यांनी खरं सांगितलं, "कुठीच नाही." आणि वळून परत गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले. पुन्हा, कुठीच नाही.

दोन-चार दिवसांत गावभर झालं की डॉक्टरनं पोट शिवलं पण डोक्याचा काहीतरी धागा तोडला. बायका मामीकडे येऊन डोळे पुसायला लागल्या. एकीनं तर मांत्रिकाचं नाव सुचवलं. मी ताबडतोब 'चालणे हेही औषध आहे' असं पत्रक लिहायला घेतलं. पण मामांनी आपला प्रश्न आपणच सोडवला. त्यांनी चालण्याला ठिकाण दिलं. कुणी विचारलं की सांगत, "भिकाजीकडे चाललो." तो वाड्याच्या दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला तिथपर्यंत पोचवत नसे. अर्ध्यात, कुणाच्या तरी ओट्यावर बसून परत येत. पण चाललो होतो भिकाजीकडेच, त्यामुळं ते खोटं होत नसे.

ज्या दिवशी ते पहिल्यांदा तिथपर्यंत पोचले, त्या दिवशी भिकाजीबाबा बाजेवर टेकून बसले होते. त्यांनी मामांना नीट न्याहाळलं. मामांचे गाल आत गेले होते, सदरा अंगावर दुसऱ्याचा वाटत होता.

"काय रे पुंज्या, मले न्याले आला का माह्याच्यात येऊन निजाले?"

"तूच वाळला लेका. आता चार कायचे, दोघात जाशीन."

"म्हनून त थांबलो. तुले जड नको जाव."

कौसल्यावहिनीनं चहा आणला. मामांना चहा बंद होता, म्हणून मामांनी त्या चहाकडे नुसतं बघितलं. तेवढी सवय त्यांना झालीच होती.

त्यानंतर रोजचं सुरू झालं. मामा भिकाजीबाबांकडे जात, भिकाजीबाबा त्यांची परीक्षा घेत. आज दम लागला का, घाम आला का, पाय थरथरले का. डॉक्टरनं तांब्याची परवानगी दिल्याचा निरोप आला तेव्हा मामा भरलेला तांब्या घेऊन वाड्यातून मिरवत गेले. मग अर्धी गुंडी, म्हणजे आमच्याकडची कळशी. ती त्यांनी खांद्यावरच घेतली, उजव्या. मामी मागून ओरडत होत्या की बायका डोक्यावर नेतात, मानसं हातात नेतात, हे खांद्यावर कोन नेते. एकदा मामांनी घाई करून भरलेली गुंडी उचलली आणि दोन दिवस पोट धरून बसले. तेव्हा भिकाजीबाबांनीच त्यांना झापलं. म्हणाले, "हिसका नको म्हनतो ना तू? सोताच्या पोटाले काऊन देतो बे मंग?" मामांनी आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. आपला शब्द आपल्यावर उलटलेला त्यांना मान्य होता.

इकडं भिकाजीबाबांचं मात्र उतरत चाललं होतं. पायांवर सूज, रात्र बसून काढायची. कंपाउंडर येऊन गेला की मामा त्याला कोपऱ्यात गाठून विचारत, पावसाळ्यापर्यंत निघन का? कंपाउंडर हात वर करायचा. आम्हा सगळ्यांना दिसत होतं की ही शर्यत आहे आणि एकाला ती हळू चालून जिंकायची आहे.

आणि मग मामांनी तालीम केली.

उन्हाळा तापायला लागला होता. मामा म्हणाले, गुंडी आन् तिरडी यात फरक असते, दांडा खांद्याले कसा बसते ते पाह्यलंच पायजे, आयत्या वख्ती फजिती नको. त्यांनी हलकी तिरडी बांधली. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा ठेवला. पऱ्हाट्या टोचू नयेत आणि उडू नयेत म्हणून त्यावर आपलं धुतलेलं धोतर पांघरलं आणि काथ्यानं आवळलं. वजन असं काहीच नव्हतं. मी आणि वाड्यातले दोघं तरुण बाकीच्या दांड्यांना. सुरुवात भिकाजीबाबांच्या अंगणातून करायची, कारण त्यांना बसल्या जागेवरून पाहायचं होतं. मी विज्ञाननिष्ठ माणूस. तालीम ही गोष्ट मला तत्त्वतः पटली. लोकांना ती कशी दिसेल, याचा विचार आमच्यापैकी एकानंही केला नाही.

आम्ही 'हिसका नको' म्हणत तिरडी उचलली आणि भिकाजीबाबांच्या अंगणातून बाहेर पडलो. लिंबापाशी पोचेतो पहिली किंकाळी आली. मग दुसरी. दारादारातून बायका बाहेर पडल्या आणि भिकाजीबाबांच्या घराकडे धावल्या. विहिरीवरच्या पोहरे टाकून आल्या. सडकेवर धामणगाव बढ्याकडे जाणारी एसटी उभी होती. एक ओळखीचा माणूस खिडकीतून बघून हळहळला, आणि गाडी निघून गेली.

आम्हाला थांबावं की पळावं ते कळेना. मामा पुढून एवढंच म्हणाले, "पाय मिळवा. आता मधी थांबलं त अजून खराब दिसन."

भिकाजीबाबांच्या अंगणात काय झालं ते मला नंतर कौसल्यावहिनीनं सांगितलं. ते दारातच बाजेवर बसले होते. बायका रडत रडत त्यांच्या बाजूनं घरात शिरत होत्या. नजर अधू झालेली पारबताबाई तर त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडली. भिकाजीसारखा मानूस होनार नाही, म्हणाली, आमच्या घरच्या उपाशी दिवसात त्यानं पीठ देल्लं होतं. भिकाजीबाबांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे वं पारबता. वय झालतं त्याचं."

मग तिनं वर बघितलं.

त्या संध्याकाळी भिकाजीबाबांची धाकटी बहीण, द्रुपदाबाई, धामणगावहून उतरली. ती एसटीच्या पायरीपासून ऊर बडवत आली आणि घरात शिरली तर भाऊ वरणात भाकर कुस्करत बसलेला. तिनं आधी त्याला दोन धपाटे घातले आणि मग मिठी मारली. भिकाजीबाबांनी तक्रार केली ती वेगळीच. "मयत माही, आन् मलेच कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले. "मीही आलो असतो चार पावलं." द्रुपदाबाई पुढं दोन महिने राहिली. इतक्या लांबून रडत आल्यावर लगेच परत जाणं तिला बरं वाटेना.

तालमीचा निकाल असा लागला की खांदा ठीक, पण वळणावर पोट ओढलं. मामींनी मामांना आठवडाभर बाजेवरून उठू दिलं नाही आणि मला त्यांच्या घराची पायरी चढू दिली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी मामांना घेऊन बुलडाण्याला गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, खोकायला लावलं, वाकायला लावलं. मग कोपऱ्यातलं लाकडी बाक एका टोकाला उचलायला सांगितलं. मामांनी अख्खं बाक उचललं. सावकाश उचललं आणि आवाज न करता खाली ठेवलं. डॉक्टर हसले. "झालं," म्हणाले, "आता काय पाहिजे ते उचला. खांदा द्या, काही हरकत नाही."

मला वाटलं मामा उड्या मारतील. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे सरकून बसले. मी बोलत होतो, विज्ञानाचा विजय वगैरे. मामा खिडकीबाहेर बघत होते. शेजारी एक भलाथोरला व्यापारी बसला होता आणि मामांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकतंय असं वाटायला हवं होतं.

उतरून थेट भिकाजीबाबांकडे गेलो. अंगणाच्या तोंडाशी आल्यावर मामांची चाल एकदम बदलली. पाठ वाकली, हात पोटावर गेला. मला वाटलं खरंच कळ आली.

भिकाजीबाबांना आता दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागे. "काय म्हने... डाक्टर?"

मामा बाजेच्या काठावर बसले. "अजून नाही म्हने. आतलं शिवन कच्चं हाय. सबूर करा म्हने."

मी तोंड उघडलं. असत्याविरुद्ध मी तोवर बरंच लिहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं मला पाठ होतं. मामांनी माझं मनगट धरलं. त्या पकडीत सहा माणसांची तिरडी एकट्यानं उचलायचं बळ होतं.

"किती... सबूर?" भिकाजीबाबांनी विचारलं.

"ते नाही सांगतलं त्यानं."

भिकाजीबाबांनी डोळे मिटले. "मंग राहाव लागन," म्हणाले.

बाहेर पडल्यावर मी मामांना रस्त्यातच गाठलं. मामा, चौथं शील? रोज म्हणता ना? मामा थांबले. त्यांना राग आला नव्हता. ते खरंच विचार करत होते.

"पोट्ट्या, पयलं काय सांगते?"

पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. मी ते म्हटलं.

"तो कबुलीचा मानूस हाये. मी बरा झालो म्हनलं का तो त्याच रात्री जाईन. मंग पयलं कोनी मोडलं, मी का तू?" एवढं बोलून ते चालायला लागले. "पयलं मोडन्यापेक्षा चौथं मोडलेलं बरं. पयलं पयलं हाये."

यावर उत्तर शोधायला मी माझी सगळी पत्रकं उपसली. मी बरेच दिवस शोधत होतो.

पावसाळा गेला. भिकाजीबाबा गेले नाहीत. कंपाउंडर चकित झाला, आणि आपल्याच मिश्रणाचं हे फळ असं चावडीवर सांगायला लागला. मामा रोज त्यांच्याकडे जात. घरून निघताना ताठ निघत, वाटेत कुणाची गाडी फसली असली तर खांदा लावून काढून देत, आणि भिकाजीबाबांच्या अंगणाच्या तोंडाशी आले की वाकत. कधी हात पोटाला, कधी पाठीला. एकदा तर पायही ओढला. मी त्यांना म्हटलं, पायाचं ऑपरेशन झालं नव्हतं. ते म्हणाले, "हाव, तेही खरं," आणि दुसऱ्या दिवसापासून पाय नीट टाकायला लागले.

हिवाळ्यातली एक सकाळ. थंडी बोचत होती. मी भिकाजीबाबांना पेपर वाचून दाखवायला गेलो तर ते बाजेवर झोपलेले होते, आणि बाज ओसरीच्या सावलीत. ऊन अंगणात पडलेलं. कौसल्यावहिनी म्हणाली की रात्रभर बसून काढली, आत्ता कुठं डोळा लागलाय, उन्हात न्यायचं आहे पण बाज हलवली की जाग येईल.

मामा तिथं आलेले होते. त्यांनी घोंगडी काढून अंगणात उन्हात अंथरली. मग बाजेपाशी गुडघ्यावर बसले, एक हात भिकाजीबाबांच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उभे राहिले. दांडा नाही, काथ्या नाही, चौघं नाहीत. भिकाजीबाबांचं डोकं त्यांच्या उजव्या खांद्यावर टेकलेलं होतं. मामा अंगणात उतरले ते असे की पायरी होती हे पायरीलाही कळलं नसेल. घोंगडीवर त्यांना निजवलं, दुसरी पांघरली, आणि घाईनं चार पावलं लांब जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळानं भिकाजीबाबांनी डोळे उघडले. उन्हाकडे बघितलं, मग ओसरीतल्या रिकाम्या बाजेकडे.

"कोनं आनलं मले इथी?"

"यानं," मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भिकाजीबाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या दंडांकडे बघितलं. माझ्या दंडांबद्दल मी इथं काही लिहीत नाही. तेव्हा मी फक्त पत्रकांचे गठ्ठे उचलत असे. त्यांच्या मिशीचं टोक जरासं हललं.

"चांगला दमदार झाला पोट्टा," ते म्हणाले. मग भिंतीकडे मान वळवली. "आन् तुह्यं कसं हाये, पुंज्या? पोट?"

मामांचा हात पोटावर गेला. "दुखतेच हाये. थंडीनं जास्ती. अजून वेळ लागन."

भिकाजीबाबांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि उन्हाकडे तोंड केलं.

"लागू दे," ते म्हणाले.